मोजून साठ बैठका

(पहाटेची तालीम. सुरुवातीला फावड्यांचा आवाज, निवेदन त्यावरच.)

पहाटेचे पाच. कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं हे गाव. तालमीत आज हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, उकरायचाय. माती दबून घट्ट झाली की अंग सोलवटतं, म्हणून पोरं ती खालपर्यंत खणून भुसभुशीत करतात. खणून झालं की तीत ताक पडतं, तेल पडतं, लिंबं पिळली जातात, कापूर चुरून टाकला जातो. शेवटी हळद. हळदीच्या पेठेचा हा जिल्हा, इथं हौद्याला हळद कमी पडत नाही. पायानं तुडवत, हातानं कालवत माती एकजीव होते, आणि तो वास दारापर्यंत येतो.

हळद सोडणारे हे हात बघा. तालमीतला सगळ्यात दांडगा गडी हाच. एरवी फावडं याच्याकडं असतं. आज तो काठावर बसलाय. हर्नियाच्या ऑपरेशनला आज ४० दिवस झाले.

(भिंतीवरचे फोटो.)

मारुतीरायाशेजारी गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक, कांस्यपदक. त्यांच्याखाली कवठेपिरानचे मारुती माने, १९६२, जकार्ता आशियाई स्पर्धा, सुवर्णपदक. रोज या फोटोंना नमस्कार करून मातीत उतरणाऱ्या पोराला ‘थांब’ म्हणणं अवघड असतं. जांघेत गोळा आल्यावरही पैलवान थांबला नव्हता. लंगोट आणखी आवळला. कित्येक महिने कुणाला बोलला नाही. खोकताना त्याचा हात दर वेळी जांघेकडं जातो, हे वस्तादांनी हेरलं आणि त्याला मिरजेला नेलं.

१८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं. दूरदूरचे पेशंट तेव्हापासून या गावाची वाट धरतात. तिथल्याच एका दवाखान्यात पैलवानाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

(डॉक्टरांचं टेबल. जाळीचा तुकडा, जवळून.)

ही ती जाळी. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांची, मच्छरदाणीच्या तुकड्यासारखी. जांघेतली वाट पुरुषांमध्ये जन्मतःच जरा कच्ची असते. पोटातला दाब वाढला की आतलं आवरण, कधी आतडंही, तिथून पुढं सरकतं. तोच गोळा. लंगोट त्याला दाबून धरतो, भोक बुजवत नाही. सर्जननी आतून तिथं ही जाळी अंथरली. आता शरीराच्या पेशी या बारीक छिद्रांतून वाढून जाळीला धरणार, आणि त्याला आठवडे लागतात. बाहेरून दिसतात फक्त तीन बारीक जखमा. म्हणूनच फसगत होते. जखम सुकली म्हणजे आपण बरे झालो, असं गडी धरून चालतो.

पण पडून राहणं हाही उपाय नव्हे. ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी त्याला वॉर्डात चालवलं. घरी आल्यावर दारातून पारापर्यंत, मग मळ्याच्या वाटेनं, रोज थोडं पुढं. खोकला आला की पोटाला उशी दाबून धरायची. शौचाला कुंथायचं नाही, त्यासाठी खुराकातलं तूप-बदाम थोडं आवरलं, पपई आणि पालेभाजी वाढली, पाणी वाढलं. जड उचलणं सहा आठवडे बंद, असं त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. हा हिशेब माणसागणिक बदलतो. आपला आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

(ओसरी. लेक धावत येते. इथं दहा सेकंद निवेदन नाही.)

सहा आठवडे तो खाली बसतो. लेक मांडीवर चढते.

(पुन्हा तालीम. सत्तरावा दिवस.)

आता बैठका. पूर्वी श्वास कोंडून पाचशे मारायचा. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला सगळा दाब त्याच जांघेवर येतो, म्हणून वस्तादांनी साधी युक्ती काढली. आकडा मोठ्यानं म्हणायचा. मोजणाऱ्याला श्वास अडवता येत नाही. खाली जाताना श्वास आत, वर येताना आकडा. पहिल्या दिवशी दहा. अकराव्याला गुडघे वाकले तोच वस्ताद ओरडले, “बास! अंग गरम झालं म्हणजे आत भरून आलं असं नसतंय लेका.”

आणि खरा निकाल दुसऱ्या सकाळी लागतो. जांघ ओढली नाही, सूज नाही, तर तोच आकडा आणखी दोन दिवस, मग पाच वाढवायच्या. ओढ जाणवली तर मागचा आकडा. जोरही असेच, आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्याला, सगळ्यात शेवटी जमिनीवर. दोन महिने पैलवानाच्या तोंडून आकडे ऐकत बसणं कंटाळवाणं वाटेल, पण या फिल्मसाठी आम्हाला एवढंच दाखवायचं होतं. मेहनत म्हणतात ती हीच.

गोळा पुन्हा आला, कडक होऊन दुखू लागला, उलट्या झाल्या, ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर थेट दवाखाना. उद्यावर ढकलायचं नाही.

या हंगामातली तीन मैदानं गेली, इनामंही गेली.

(वस्तादांची वही, जवळून.)

शाळेच्या वहीसारखीच ही वही. डाव्या रकान्यात नावं, उजव्या रकान्यात मेहनत. कुणाचे जोर हजार, कुणाची दोरी वीस. कलाजंग, उचलायचा डाव, पैलवानाच्या नावापुढं अजून खोडलेलाच आहे. त्याखाली पेन्सिलीनं लिहिलंय: बैठका ६०, मोजून.