‘यायला नको’चं इंग्रजी

श्रोतेहो, नमस्कार.

‘कॅन’, ‘शुड’, ‘मस्ट’ हे शब्द शाळेतच शिकवले जातात आणि नोकरीला लागल्यावरही चुकतात. त्यांना ‘एस’ लागत नाही, त्यांच्यापुढे ‘टू’ येत नाही. ‘शी कॅन्स’ आणि ‘ही मस्ट टू गो’ दोन्ही चूक. हे सरावाने सुटतं. अडतं ते अर्थापाशी.

‘उद्या सुटी आहे, यायला नको’ आणि ‘त्याने इथे यायला नको, भांडण होईल’ ही दोन वाक्यं पाहा. मराठीत एकच ‘नको’ दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत पहिल्याला ‘यू डोन्ट हॅव टू कम’ आणि दुसऱ्याला ‘ही मस्ट नॉट कम’ म्हणावं लागतं. ‘मस्ट नॉट’मधला नकार क्रियेला लागतो: न येण्याचीच सक्ती. ‘डोन्ट हॅव टू’मधला नकार सक्तीला लागतो: यायची सक्ती नाही. म्हणूनच पाहुण्याला प्रेमाने ‘यू मस्ट नॉट ब्रिंग एनीथिंग’ म्हटलं, की त्याला ती ताकीद वाटते. बोलण्याआधी मराठी वाक्याला ‘पण केलं तरी चालेल’ जोडून पाहा. जुळलं, तर ‘डोन्ट हॅव टू’च हवं.

भूतकाळातही गडबड होते. ‘मला काल जावं लागलं’ म्हणजे ‘आय हॅड टू गो’. ‘ही मस्ट हॅव गॉन’चा अर्थ मात्र ‘तो गेला असणार’. तो अंदाज आहे, सक्ती नव्हे. तसंच, एखाद्या वेळी खटपट करून काम जमलं, तर ‘कुड’ शोभत नाही. ‘काल तिकीट मिळवता आलं’ याला ‘आय वॉज एबल टू गेट अ टिकेट’ म्हणा. नाही जमलं, तर ‘कुडन्ट’ खुशाल वापरा.

आता उच्चार, कारण फोनवर सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ‘आय कॅन कम’ म्हणताना इंग्रजीभाषक ‘कॅन’ अगदी आखडून ‘कन’ करतात आणि जोर ‘कम’वर देतात. नकार असला की जोर ‘कान्ट’वरही येतो. अमेरिकी बोलण्यात तो ‘कॅन्ट’ होतो आणि शेवटचा ‘ट’ बहुतेकदा ऐकूच येत नाही, त्यामुळे ऐकणारा जोरावरूनच होकार-नकार ओळखतो. आपण मराठीच्या सवयीने प्रत्येक शब्द सारख्या वजनाने म्हणतो, आणि आपला होकार त्याला नकार वाटतो.

आज मोबाइलवर ही दोन वाक्यं रेकॉर्ड करा: ‘आय कन कम टुमॉरो’, ‘आय कान्ट कम टुमॉरो’. मग ती घरातल्या कुणाला ऐकवा आणि होकार कोणता, ते विचारा.