वाळवंटातला आकाशी रणगाडा

श्रोतेहो, नमस्कार. युद्धकाळातल्या लष्करी गाड्यांचा अस्सल रंग कसा शोधतात, हा आजचा विषय. पण आधी मटिल्डा नावाच्या रणगाड्याची गोष्ट ऐका.

९ डिसेंबर १९४०. इजिप्तच्या वाळवंटात निबेवाच्या इटालियन छावणीवर सकाळीच हल्ला झाला. हल्ला करणारी आपली चौथी भारतीय डिव्हिजन आणि सोबतीला ब्रिटिशांचे मटिल्डा रणगाडे. रणगाड्यांवर तीन रंगांचे तिरके, सरळ कडांचे पट्टे. ही रंगरचना ब्रिटिश ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे ब्रिटनमध्ये संग्रहालयातला मटिल्डा रंगवला गेला, त्यात एक पट्टा चक्क आकाशी! मॉडेल करणाऱ्यांनी तोच उचलला आणि वर्षानुवर्षं जो तो आकाशीच लावत राहिला. युद्धातले फोटो बहुतेक कृष्णधवल. त्यांत आकाशी काय नि राखाडी काय, ओळखणार कसं? शेवटी अभ्यासकांनी लष्कराची कागदपत्रं धुंडाळली. तिथे रंग नंबरासकट होते: पोर्टलंड स्टोन ६४, सिल्व्हर ग्रे २८, स्लेट ३४. ब्रिटिश शेडकार्डात २८ नंबर पाहिला, तर तो हिरवट राखाडी. आकाशी कुठेच नाही. पुन्हा सांगतो, आकाशी कुठेच नाही! आपली माणसं ज्या रणगाड्यांमागून लढत गेली, त्यांचा रंग तरी खरा सांगितला जावा, असं मला फार वाटतं.

तर आधी कागद, मग गाडीचा पत्रा. ब्रॅकेटखाली, पेटीच्या झाकणाआड पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा. जुनं दार घासताना निघतात तसे एकाखाली एक थर दिसतात, तळाशी प्रायमर. झाकलेल्या ऑइलपेंटमधलं जवसाचं तेल पिवळं पडतं. म्हणून घासलेली जागा काही दिवस उजेडात ठेवून मगच शेडकार्ड लावायचं. सँडब्लास्टिंग, म्हणजे जोरात वाळू मारून रंग काढणं, मात्र नको. सगळे थर कायमचे जातात. आपल्याकडे देवळांच्या काळ्या दगडाला ऑइलपेंट फासतात, तेही मला बघवत नाही. दगड दगडासारखा दिसू द्या की!

असो. कागद आणि पत्रा, दोन्ही लागतात. ब्रिटनमध्ये हिरव्या रंगासाठी लागणारं क्रोमियम ऑक्साइड कमी पडलं, म्हणून १९४२ मध्ये गाड्या तपकिरी झाल्या. एप्रिल १९४४ पासून ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवा, आला. ब्रिटिश ट्रकवर ऑलिव्हखाली तपकिरी थर लागला, तर तो ट्रक बहुधा त्या एप्रिलच्या आधीच फौजेत आलेला.