कार्टूनच्या आधीचा होमर सिम्पसन

होमर सिम्पसन म्हटलं की 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतला तो पिवळा, टकला, डोनटवर तुटून पडणारा बाप आठवतो ना? पण त्याच्या ५० वर्षं आधी, १९३९ मध्ये, याच नावाचा माणूस एका कादंबरीत होता. आयोवातल्या हॉटेलात हिशेब लिहिणारा. बुजरा. स्वतःच्या मोठाल्या हातांचं काय करायचं, हेच त्याला कळत नाही. १९७५ च्या सिनेमात डोनल्ड सदरलंडने हा होमर साकारला. नुसते त्याचे हात बघत बसा.

सिनेमा 'द डे ऑफ द लोकस्ट'. मूळ लेखक नॅथनेल वेस्ट, मंदीच्या काळात पोटासाठी हॉलिवूडमध्ये पटकथा पाडणारा. त्याच वर्षी स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' आली आणि धडाधड खपली. वेस्टचं पुस्तक दीड हजारही खपलं नाही, आणि पुढच्या वर्षी, ३७ व्या वर्षी, मोटार अपघातात तो गेला. कॅलिफोर्निया दोघांचाही. पण स्टाइनबेकची माणसं तिथे भाकरीसाठी येतात. वेस्टची येतात ऊन खायला, नटनट्या बघायला. मग कंटाळतात. तो कंटाळा हळूहळू नासतो.

दिग्दर्शक जॉन श्लेसिंजर, पटकथा वॉल्डो सॉल्टची. म्हणजे ऑस्कर जिंकलेल्या 'मिडनाइट काउबॉय'चीच जोडी. तरी चालला नाही. दीडेक महिन्यात शार्कचा तो गाजलेला 'जॉज' आला, मग काय!

कॉनरॅड हॉलचा कॅमेरा सगळं सोनेरी, धुकट दाखवतो. मला आधी खटकलं होतं. सडक्या दुनियेला साजूक तूप कशाला? मग लक्षात आलं, याच उन्हाच्या जाहिरातीला भुलून तर ही माणसं इथवर आलीत.

आता शेवट सांगतोय, नको असेल त्यांनी इथेच थांबा.

हॉलिवूडच्या चायनीज थिएटर या सिनेमागृहाबाहेर प्रीमियरची गर्दी. माइकवर गर्दीचं कौतुक चाललंय. एक आगाऊ पोरगा होमरला दगड मारतो, होमरचा तोल सुटतो, तो पोराला तुडवतो. आणि गर्दी होमरवर तुटून पडते. गोष्टीचा नायक, चित्रकार टॉड, त्याला स्वतःच्याच चित्रातले चेहरे त्या गर्दीत दिसायला लागतात. हा प्रसंग मी एका बैठकीत बघू शकलो नाही.

पुस्तकात पोलीस टॉडला गाडीत घालतात. सायरन वाजतो. आपणच ओरडतोय का, म्हणून तो ओठ चाचपून बघतो. ओठ मिटलेले. तो हसतो, आणि सायरनची नक्कल करायला लागतो. संपलं.

सिनेमात त्या जागी टॉडची रिकामी खोली आणि भिंतीच्या भेगेत एक फूल. श्लेसिंजरसाहेब, हे नव्हतं करायचं.