तुझं किती आलं?

[दृश्य: परीक्षा केंद्राचं फाटक. मुलांचा लोंढा बाहेर येतोय. मूळ आवाज काही सेकंद तसाच ठेवावा.]

घंटा होऊन फार वेळ झालेला नाही. बॅगेत पेन नीट गेलेलं नाही, प्रवेशपत्र अजून हातातच आहे, आणि गर्दीतून पहिला सवाल येतो: "ए, ते वेगाचं गणित... तुझं किती आलं?"

झालेल्या पेपरवर बोलू नये, पुढच्या पेपरकडे बघावं, असं शिक्षक सांगतात. घरचेही तेच सांगतात. ऐकत कुणी नाही. आम्हाला विचाराल तर ऐकूही नये.

"सतरावा सी ना?"
"माझा सतरावा वेगळाच आहे. सेट कुठला तुझा?"

शेजारच्याचं बघून गोळे रंगवता येऊ नयेत म्हणून प्रश्नपत्रिकेचे सेट काढतात. प्रश्न तेच, क्रम वेगळा. काही ठिकाणी पर्यायही मागेपुढे केलेले असतात. त्यामुळे बाहेर आल्यावर नुसतं अक्षर सांगून भागत नाही, अख्खं गणित तोंडी सांगावं लागतं. फाटकावर आम्ही कॅमेरा लावला तेव्हा सगळ्यात जास्त ऐकू आलं ते हेच. मघाशी घाईत वाचलेला प्रश्न मुलं आता आपल्या शब्दांत सांगत होती.

[दृश्य: प्रवेशपत्राची कोरी बाजू, त्यावर पेनाचं टोक. अगदी जवळून.]

गाडी जाताना ताशी 60 किलोमीटरनं गेली, त्याच रस्त्यानं येताना ताशी 40 नं आली. सरासरी वेग किती?

"50," मुलगा म्हणतो. 60 अधिक 40, भागिले 2. त्यात विचार कसला करायचा!

मुलीचं 48 आलंय. ती वाद घालत नाही, लिहायला लागते. अंतर धर 120. जायला 2 तास, यायला 3. एकूण 240 किलोमीटर, 5 तासांत. भाग दे.

"पण अंतर दिलंच नव्हतं!"
"मग कुठलंही घे."

आता हात बघा. मुलगा पेन स्वतःकडे ओढतो आणि मुद्दाम मोठा आकडा घेतो, 600. जायला 10 तास, यायला 15. 1200 भागिले 25. पेन थांबतं. 48. हळू चालताना जास्त वेळ जातो, म्हणून सरासरी 40 कडे झुकते. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, त्यानं स्वतः मांडून बघितलं.

"पण 50 पर्यायांत होतं ना!" त्याची शेवटची तक्रार.

असणारच. चुकीचे पर्याय कुणी डोळे मिटून टाकत नाही. मुलं कुठे घसरतात ते हेरून, त्या घसरण्यातून जे उत्तर निघेल तेच पर्यायांत ठेवलं जातं. आपलं उत्तर समोर छापलेलं दिसलं की जीव भांड्यात पडतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. सापळा असाच लावलेला असतो.

मग मुलं हात वर करून मोजतात. 50 वाले जास्त आहेत. पण बहुमतानं गणित सुटत नसतं, आणि याचा सगळ्यात मोठा दाखला टेबलावर मांडता येतो.

[दृश्य: टेबलावर दोन सारखी नाणी. वरून कॅमेरा.]

मे 1982, अमेरिकेतली एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा. एका वर्तुळाची त्रिज्या दुसऱ्याच्या एक तृतीयांश आहे. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेनं, न घसरता, गोल फिरतं. सुरुवातीच्या जागी येईपर्यंत त्याचे स्वतःभोवती किती फेरे होतील? पर्याय पाच: दीड, 3, 6, साडेचार, 9. परीघ तिप्पट, म्हणून उत्तर 3. परीक्षा घेणाऱ्यांच्या उत्तरसूचीतही 3 च होतं.

आता नाण्यांकडे लक्ष द्या. दोन्ही सारखी आहेत, म्हणजे फेरा एकच व्हायला हवा. वरचं नाणं खालच्याच्या कडेनं घरंगळतंय... निम्म्यावर आलं. चित्र सुलटं! अर्ध्या वाटेतच एक पूर्ण फेरा झाला. जागेवर परत येईपर्यंत दोन होतात.

फिरणाऱ्या नाण्याचं केंद्र खालच्या नाण्याच्या कडेवरून जात नाही, त्याहून मोठ्या वर्तुळावरून जातं. त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे दोन्ही त्रिज्यांची बेरीज. परीक्षेतल्या प्रश्नात ती 3 अधिक 1, म्हणजे लहान वर्तुळाच्या चौपट. म्हणून फेरे 4. आणि 4 हा पर्यायच दिलेला नव्हता.

सुमारे 3 लाख मुलांनी ती परीक्षा दिली होती. त्यातल्या तिघांनी चूक कळवली. चूक मान्य झाली, प्रश्न रद्द झाला, गुण पुन्हा मोजले गेले.

[दृश्य: पुठ्ठ्याचे दोन पिरॅमिड, एकाचा तळ चौकोनी, दुसऱ्याचा त्रिकोणी.]

त्याआधी 1980 मध्ये पीएसएटी, म्हणजे एसएटीच्या तयारीसाठीच्या परीक्षेतही असंच झालं होतं. सगळ्या कडा सारख्या असलेले हे दोन पिरॅमिड. एकाचं त्रिकोणी पृष्ठ दुसऱ्याच्या त्रिकोणी पृष्ठाला तंतोतंत चिकटवायचं. बाहेर किती पृष्ठं उरतील? 5 अधिक 4, वजा चिकटलेली 2, म्हणून 7, असं उत्तरसूची म्हणत होती. पण हे बघा, जोडल्यावर दोन ठिकाणी शेजारशेजारची पृष्ठं एकाच पातळीत येतात. उरली 5. फ्लोरिडातल्या एका विद्यार्थ्यानं हे दाखवून दिलं.

त्याला ते दाखवता आलं, कारण आपलं उत्तर चूक धरलंय हे त्याला कळलं होतं. आमचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. प्रश्न आणि उत्तरसूची विद्यार्थ्यांना मागता यावी, असा कायदा न्यूयॉर्क राज्यानं 1979 मध्ये केला आणि 1980 पासून तो लागू झाला. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी त्याला विरोध केला होता. प्रश्न उघड झाले तर पुन्हा वापरता येणार नाहीत, खर्च वाढेल, ही त्यांची अडचण. अडचण खरी आहे, पण मुलांचे गुण जाणं हीसुद्धा अडचणच आहे की!

[दृश्य: संगणकाचा पडदा, एका प्रश्नावरून पुढच्या प्रश्नावर.]

2024 पासून अमेरिकेत एसएटी पूर्णपणे संगणकावर गेली. पहिल्या भागात कसं जमतं ते बघून दुसरा भाग सोपा की अवघड ते ठरतं, त्यामुळे शेजारी बसलेल्या दोघांचे प्रश्नही वेगळे असू शकतात. प्रश्नपत्रिका हाती येत नाही, प्रश्नांवर बोलायला नियमानं मनाई. निकालात एकूण गुण दिसतात, कुठल्या प्रकारच्या गणितांत कमी पडलो ते ढोबळ कळतं. आपण 50 लिहिलं होतं की 48, ते कळत नाही.