नको असलेलं उत्तर

(अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी गिरगावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. पालकांनी खुर्च्या सोडायची गरज नाही, मुलांचे गुडघे अजून चांगले आहेत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे. दर वर्षी पहिल्या महिन्यात एक प्रसंग ठरलेला असे. फळ्यावर चेंडूचं गणित. मुलं वर्गसमीकरण मांडतात, वेळेची दोन उत्तरं येतात, एक धन आणि एक ऋण. लगेच ऋण उत्तरावर काट! शेजारी लिहितात, ‘वेळ ऋण नसते’. का नसते रे? ‘मॅडम, क्लासमध्ये तसंच सांगितलंय.’ आज मला त्या काट मारलेल्या उत्तराविषयी बोलायचंय.

गतीची तीन समीकरणं तुम्हाला नववीपासून पाठ आहेत, ती मी पुन्हा म्हणून दाखवत नाही. फक्त त्यांची अट विसरू नका, त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, सगळा वेळ तेवढाच हवा. सिग्नलला थांबत, खड्डे चुकवत जाणाऱ्या बेस्टच्या बसला ही समीकरणं लावलीत तर दोष समीकरणांचा नाही.

गणित चुकतं ते बहुतेक वेळा सूत्राच्या आधीच, वाक्य वाचताना. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे घाबरतात, कारण प्रश्न आता इंग्रजीत असतो. खरं तर आपल्या क्रियापदांत निम्मं गणित सोडवून ठेवलेलं आहे. दगड ‘सोडला’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. ‘फेकला’ म्हणजे शून्य नाही, किती ते विचारा. ‘भिरकावला’ म्हणजे कोनसुद्धा विचारा. इंग्रजीतलं ‘ड्रॉप्ड’ दिसलं की मनात ‘सोडला’ म्हणा, माहितीतला एक आकडा फुकट मिळाला.

पण यालाही एक खोडा आहे. भाईंदर आणि नायगावच्या मधे खाडीपूल लागतो. तिथे लोकलच्या दारातून निर्माल्याची पिशवी खाडीत सोडणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या मते ती पिशवी ‘सोडलेली’ असते, सरळ खाली जाणारी. गाडी ताशी ७२ किलोमीटरने चाललीय असं धरा. अठरानं भागा, पाचानं गुणा, सेकंदाला २० मीटर. पिशवी हातातून सुटते तेव्हा तिच्याकडेही हाच वेग असतो. ती ५ मीटर खाली पडायला १ सेकंद घेते आणि तेवढ्यात २० मीटर पुढे गेलेली असते. हवेचा विरोध मी इथे सोडून दिलाय, हलक्या पिशवीला तो बराच अडवेल. पण पिशवीत नारळ असेल तर फार नाही. दारातल्या माणसाने नारळ नुसता सोडला. पुलाच्या कडेने चालणाऱ्या माणसाकडे मात्र तो ताशी ७२ किलोमीटरच्या वेगाने येतोय. म्हणून ‘सोडला’ वाचलंत की पुढचा प्रश्न, कुठून सोडला?

आता चाळीत येऊ. मी इथल्याच एका चाळीत वाढले, त्यामुळे माझी सगळी गणितं गॅलरीपाशी येतात. खाली चौकात मुलगा उभा आहे. दुसऱ्या मजल्यावर त्याची बहीण कठड्याला टेकून उभी आहे. कठडा जमिनीपासून ८ मीटर उंच. मुलगा चेंडू सरळ वर फेकतो, सेकंदाला १४ मीटर वेगाने. त्याचा हात जमिनीलाच आहे असं समजा, नाहीतर आपल्याला त्याची उंची विचारावी लागेल आणि तो खोटी सांगेल. गुरुत्वत्वरण १० घेऊ. मुंबईत ते साधारण ९.७९ आहे, पण आज कुणी कॅल्क्युलेटर आणलेला नाही. प्रश्न असा, चेंडू बहिणीसमोर कधी येईल?

पेन उचलण्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या. शून्य कुठे? जमिनीवर. धन दिशा कोणती? वरची. घड्याळ कधी सुरू? चेंडू हातातून सुटला तेव्हा. हे कागदावर लिहा, मनात नको. मनात ठरवलेली दिशा तिसऱ्या ओळीला बदलते, हे मी हजारो उत्तरपत्रिकांत पाहिलंय.

वेळेला ‘ट’ म्हणू. उंची म्हणजे सुरुवातीचा वेग गुणिले वेळ, उणे गुरुत्वत्वरणाचं निम्मं गुणिले वेळेचा वर्ग. ८ = १४ट − ५ट². म्हणजे ५ट² − १४ट + ८ = ०. उत्तरं दोन, ०.८ सेकंद आणि २ सेकंद. इथे दोन्ही धन आहेत, त्यामुळे मुलं गोंधळतात. काट कशावर मारायची? कशावरच नाही. चेंडू तिच्यासमोरून दोनदा जातो, वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा. ०.८ सेकंदाला त्याचा वेग १४ − ८, म्हणजे वर ६. २ सेकंदाला १४ − २०, म्हणजे उणे ६, तेवढाच, पण खाली. पहिल्या वेळी सुटला तर दुसऱ्या वेळी पकडायची संधी आहे, असं समीकरण तिला सांगतंय.

जाता जाता, चेंडू सगळ्यात वर, ९.८ मीटरवर, क्षणभर थांबतो तेव्हा त्याचं त्वरण किती? हां, कुणीतरी शून्य म्हणालं. वेग शून्य आहे, बरोबर. पण त्वरणही शून्य झालं तर वेग बदलणार कशामुळे? चेंडू तिथेच लटकून राहील, त्रिशंकूसारखा. त्वरण वर जाताना, थांबताना, येताना, सगळीकडे तेच, खाली १०.

आता खेळ बदलू. खालचा मुलगा घरी गेला. बहीण कठड्यावरून चेंडू वर फेकते, सेकंदाला ६ मीटरने. तो जमिनीवर कधी पडेल? शून्य आता कठड्यावर, वर धन, घड्याळ तिच्या हातातून सुटल्यापासून. जमीन उणे ८ वर. −८ = ६ट − ५ट², म्हणजे ५ट² − ६ट − ८ = ०. सोडवा. उत्तरं २ आणि उणे ०.८.

आणि सगळ्यांनी उणे ०.८ वर काट मारली. आवाज ऐकू आला मला!

हा आकडा ओळखीचा वाटतो का बघा. ०.८ आत्ताच भेटला होता. मघाशी चेंडू जमिनीवरून निघून ०.८ सेकंदाने कठड्यापाशी आला तेव्हा त्याचा वेग किती होता? वर ६. आणि बहिणीने किती वेगाने फेकला? वर ६. चेंडूला कठड्यापाशी आठवण नसते. आपण कुठून आलो, कुणी फेकलं, हे त्याला माहीत नाही. समीकरणालाही माहीत नाही. ते एवढंच म्हणतंय, या जागी, या वेगाने जाणारा चेंडू जर आधीपासून मोकळाच उडत असता, तर ०.८ सेकंद आधी तो जमिनीवर असता. ०.८ आणि २ मिळवा, २.८. मुलाने फेकलेला चेंडू जमिनीवरून निघून जमिनीवर परत यायला तेवढाच वेळ लागतो. गणित एकच होतं, आपण फक्त घड्याळ उशिरा सुरू केलं.

म्हणजे काट मारायचीच नाही का? मारा. प्रश्न ‘जमिनीवर कधी पडेल’ असा आहे, त्याचं उत्तर २. पण शेजारी ‘वेळ ऋण नसते’ लिहू नका. ‘घड्याळ सुरू होण्याआधीचा क्षण, तेव्हा चेंडू हातात होता’ असं लिहा. परीक्षक त्यासाठी जास्तीचा गुण देईलच असं नाही. मी द्यायचे.

तिरक्या फेकीकडे येऊ. तिची भीती विनाकारण आहे. आडवा हिशेब वेगळा, उभा वेगळा. आडवा वेग कुणी बदलत नाही, उभा वेग गुरुत्व बदलतं, आणि दोघांत सामायिक एकच गोष्ट, वेळ. वहीचं पान मधोमध दुमडा आणि दोन हिशेब दोन बाजूंना लिहा.

शिवाजी पार्कवर एक मुलगा सीमेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू टाकतोय, सेकंदाला २० मीटर वेगाने. ३० अंशांत टाकला तर उभा वेग १०, म्हणून चेंडू २ सेकंद हवेत. आडवा वेग १७.३, म्हणून अंतर ३४.६ मीटर. ६० अंशांत टाकला तर आकडे जागा बदलतात. उभा १७.३, आडवा १०, वेळ ३.४६ सेकंद आणि अंतर पुन्हा ३४.६ मीटर. इथेही उत्तरं दोन. कागदाला दोन्ही सारखी, पण धावचीत करायचं असेल तर दीड सेकंद फार मोठा असतो. चेंडू १५ मीटर उंच उडवणाऱ्याला कर्णधार काय म्हणेल ते मी पालकांसमोर सांगत नाही.

४५ अंशांत सगळ्यात लांब जातं हे तार्ताग्लिया या इटालियन गणितज्ञाने १५३७ साली छापलं होतं, तोफांच्या संदर्भात. पण त्याच्या चित्रात गोळा आधी सरळ रेषेत जातो, मग थोडा वळतो आणि मग सरळ खाली पडतो. वाट पॅराबोलाची, म्हणजे वर्गसमीकरणाच्या आलेखासारखी वक्र, असते हे गॅलिलिओच्या १६३८ च्या पुस्तकात सिद्ध केलेलं आहे. तो नजरकैदेत होता, पुस्तक दूर हॉलंडमध्ये लायडनला छापलं गेलं. ४५ च्या वर आणि खाली सारख्याच फरकाचे कोन घेतले तर अंतर सारखं, हेही त्यात आहे. तार्ताग्लियाला मात्र हसू नका. बॅडमिंटनचं फूल उंच मारून पाहा. हवा त्याला इतकी अडवते की शेवटी ते जवळजवळ सरळ खाली उतरतं, त्याच्या चित्रासारखंच.

शेवटचं गणित, आणि मग चहा. लोकल फलाटावरून सुटली, त्वरण सेकंदाला सेकंदाला अर्धा मीटर. शेवटच्या डब्याचं दार तुमच्यापासून ३० मीटर पुढे आहे आणि तुम्ही सेकंदाला ६ मीटरने धावताय. कागदावर धावायचं, चर्चगेटला नाही. ६ट = ३० + ०.२५ट². उत्तरं साधारण ७.१ आणि १६.९. पहिल्या क्षणी तुम्ही दाराशी पोचता. दुसरं कशाला आलं? सांगा. बरोबर, त्या काकांनी सांगितलं! आत चढला नाहीत आणि तसेच धावत राहिलात, तर १६.९ सेकंदाला दार तुम्हाला मागे टाकून जातं. दार ३६ मीटरवर असतं तर एकच उत्तर आलं असतं, १२ सेकंद. त्या क्षणी गाडीचा वेगही नेमका ६, तुमच्याइतका.

आणि ४० मीटरवर असतं तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. मुलं विचारतात, ‘मॅडम, गणित चुकलं का?’ गणित बरोबर आहे, गाडी चुकली. १२ व्या सेकंदाला तुम्ही ७२ मीटरवर, दार ७६ वर. चार मीटर राहिले, आणि त्यानंतर ते अंतर वाढतच जातं.

फळा इतक्यात पुसू नका रे, मागच्यांचं अजून उतरवून व्हायचंय.