१८२वी कुस्ती

नमस्कार श्रोतेहो.

आज कुस्तीबद्दल बोलायचंय, पण लाल मातीतल्या नाही. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांच्या, गादीवरच्या कुस्तीबद्दल. तिथे दर मार्चमध्ये विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. पहिली भरली १९२८ साली, आयोवा राज्यातल्या एम्स गावात. आज तिथे दहा वजनगट आहेत, एका गटात ३३ मल्ल, म्हणजे ३३० पोरं आणि तीन दिवस. शनिवारी रात्री अंतिम कुस्त्या. विमानतळावर जशी गर्दी असते, तशी त्या मधल्या दिवसांत गाद्यांभोवती असते. एकाच वेळी आठ-आठ ठिकाणी पट निघत असतात आणि बघणाऱ्याला कुठे बघावं ते कळत नाही.

चितपट म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही. खांदे टेकले, विषय संपला. बाकी गुणांचा हिशेब. खाली घेऊन ताबा मिळवला की गुण, खालून निसटलात तर एक, उलटवून स्वतः वर आलात तर दोन, आणि समोरच्याची पाठ धोक्यात आणली तर आणखी. एक गोष्ट मात्र त्यांचीच. खाली घातलेल्या मल्लाला दाबून धरलं, तर त्या धरण्याचा वेळही घड्याळावर मोजतात, आणि वरच्याचा वेळ मिनिटाने जास्त भरला की त्यालाही एक गुण. मला हा नियम फार आवडतो. नुसतं पाडून भागत नाही, पाडलेल्याला पाडलेलं ठेवावं लागतं. ऑलिम्पिकच्या कुस्तीत हे नाही, आणि म्हणून तिथे पुष्कळ जण खाली पडले की पालथे होऊन स्वस्थ झोपतात. असो. नियम पुरे झाले.

मला खरं सांगायचीय ती एक कुस्ती. १९७० सालची. तारीख २८ मार्च. शिकागोला लागून एव्हान्स्टन नावाचं गाव आहे, तिथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा हॉल. वजनगट १४२ पौंड, म्हणजे आपले साधारण साडेचौसष्ट किलो. आणि मल्लाचं नाव डॅन गेबल.

हा गेबल आयोवातल्या वॉटरलू गावचा. शाळेत ६४ कुस्त्या खेळला, ६४ जिंकला. मग आयोवा स्टेट विद्यापीठात गेला, तिथे ११७ जिंकला. बेरीज करा. एकशे एक्याऐंशी. शाळा धरून, कॉलेज धरून, एकशे एक्याऐंशी विजय आणि पराभव शून्य. हा आकडा लक्षात ठेवा, श्रोतेहो: १८१ आणि शून्य. त्याच्या कॉलेजच्या आयुष्यातली एकच कुस्ती उरली होती. ती झाली की १८२ आणि शून्य, आणि पदवी घेऊन घरी.

समोर कोण? लॅरी ओविंग्ज. वॉशिंग्टन विद्यापीठाचा दुसऱ्या वर्षाचा पोरगा, ओरेगनमधला. याची आणि गेबलची गाठ आधी एकदा पडली होती, १९६८च्या ऑलिम्पिक निवड चाचणीत. ओविंग्ज तेव्हा शाळकरी पोर, आणि गेबलने त्याला सरळ हरवलं होतं. आता बघा, पोरं हरतात आणि विसरतात. हा विसरला नाही. त्या मोसमात तो वरच्या वजनगटांत खेळत होता. तिथे राहिला असता तर अजिंक्यपदाची वाट कितीतरी सोपी. पण त्याने वजन उतरवलं आणि १४२मध्ये आला. कशासाठी? गेबल तिथे होता म्हणून. आणि हे त्याने मनात ठेवलं नाही, लोकांना सांगितलं. मी अजिंक्यपदासाठी आलेलो नाही, गेबलला हरवायला आलोय, असं. लोकांनी अर्थातच ते हसण्यावारी नेलं.

इथे एक सांगून टाकतो, कारण मला राहवत नाही. वजन उतरवणं हा या खेळाचा जुना रोग आहे. पोरं रबरी सूट घालून घाम गाळतात, पाणी तोडतात, वाफेच्या खोलीत बसतात. १९९७च्या अखेरीला, महिना-दीड महिन्याच्या आत, अमेरिकेत कॉलेजचे तीन मल्ल अशा वजन उतरवण्यातच गेले. मग जाग आली. रबरी सूट बंद, वाफेच्या खोल्या बंद, आणि वजनगटच काही पौंडांनी वर सरकवले. त्यात हा १४२चा गटही गेला, त्याचा १४९ झाला. म्हणजे ज्या गटातली गोष्ट मी सांगतोय तो गट आता नाहीच. ओविंग्जच्या जिद्दीचं मी कौतुक करणार आहे, पण एखाद्या पोराने हे ऐकून आजपासून जेवण सोडू नये, एवढंच.

तर फायनलची रात्र. साडेआठ हजारांच्या घरात लोक. आणि त्याआधी काय झालं ते ऐका. टीव्हीवाले आले होते. कुस्ती पुढच्या आठवड्यात दाखवायची होती, म्हणून जाहिरात आत्ताच करून ठेवायची. त्यांनी गेबलला कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि वाक्य दिलं. अर्थ असा, की मी डॅन गेबल, माझी कारकीर्द १८२-० अशी संपताना बघायला पुढच्या आठवड्यात या. कुस्ती अजून व्हायचीय बरं का! आणि ज्याच्या हातून पट सुटत नाही, त्या गेबलच्या तोंडून ते वाक्य नीट निघेना. परत घ्या. अडखळला. परत घ्या. पुन्हा अडखळला. फायनलच्या आधी ज्या वेळेत अंग गरम करायचं, त्या वेळेत हा पठ्ठ्या न झालेल्या विजयाचं वाक्य पाठ करत होता. बारशाआधी पाळण्यावर नाव कोरायला घ्यावं, तसं ते. आमच्या या माध्यमांच्या धंद्याची मला कधीकधी लाज वाटते ती यासाठी.

शिट्टी झाली. आणि ओविंग्ज सरळ अंगावर गेला.

गेबलशी कुस्ती म्हणजे एरवी समोरचा जपून खेळायचा. लांब राहायचं, खडाखडीत वेळ काढायचा, कमी गुणांनी हरलो तर घरी तोंड दाखवता येईल. ओविंग्ज तसा खेळलाच नाही. त्याने पट काढला, गुण घेतले, आणि सुरुवातीलाच पुढे गेला. एकशे एक्याऐंशी कुस्त्या ज्याने लोकांना मागे पळवलं, तो आज स्वतः गुणफलकावर मागे. सगळा हॉल उठून उभा. मी या कुस्तीचं चित्रण कितीदा पाहिलंय याचा हिशेब नाही, आणि दर वेळी मला हाच भाग बघायचा असतो. गेबल घाबरलेला दिसत नाही. तो कोड्यात पडलेला दिसतो. हिशेबाच्या वहीत अचानक कुणीतरी दुसऱ्याच अक्षरात आकडा लिहून ठेवावा, तसा.

पण गेबल तो गेबल. त्याने एकेक गुण परत मिळवत आणला. दम तर त्याच्याइतका कुणाला नव्हताच. तेव्हा कुस्ती आठ मिनिटांची असायची, आता सातची. शेवटच्या फेरीत गेबल पुढे निघून गेला. लोकांनी श्वास सोडला. झालं एकदाचं, १८२.

आणि मग, अगदी शेवटी, वेळ संपायला काही सेकंद उरलेले असताना, त्या गुंत्यातून ओविंग्ज बाहेर आला तो गेबलला घेऊनच. गेबल खाली. नुसता खाली नाही, पाठ गादीकडे. पंचाने दोन बोटं दाखवली, खाली घेतल्याची. आणि पुन्हा दोन, पाठ धोक्यात आणल्याची. चार गुण! गेबल निसटला, धावला, पण घड्याळ कुणासाठी थांबतंय? तेरा-अकरा. ओविंग्ज तेरा, गेबल अकरा.

तेरा आणि अकरा, चोवीस गुण, आठ मिनिटांत. मिनिटाला तीन गुण. आजही अंतिम कुस्तीत इतके गुण क्वचित पडतात, कारण फायनलला आलं की सगळे शहाणे होतात. त्या रात्री दोघांपैकी एकही शहाणा झाला नाही.

बक्षीस समारंभात गेबल दुसऱ्या पायरीवर उभा होता. मान खाली. आणि लोक टाळ्या वाजवत होते, त्याच्यासाठी, थांबेचनात. त्याच्या आयोवा स्टेटने त्या वर्षीचं सांघिक अजिंक्यपद जिंकलं होतं, पण ते कोणाच्या ध्यानात? एकशे एक्याऐंशी आणि एक. एक.

पुढचं थोडक्यात सांगतो. दोन वर्षांनी, १९७२ला ऑलिम्पिक निवडीत दोघे पुन्हा समोरासमोर आले. गेबल जिंकला, सात-एक. मग म्युनिकला गेला. ६८ किलो गट. पहिल्याच कुस्तीत डोकं फुटलं, टाके पडले. सहा कुस्त्या खेळला आणि सुवर्णपदक घेतलं, सहा कुस्त्यांत मिळून समोरच्यांना एकही गुण दिला नाही. एकही नाही. नंतर आयोवा विद्यापीठाचा वस्ताद झाला, आणि १९९७पर्यंत १५ राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकली, त्यातली नऊ सलग. दहाव्याच्या वर्षी, १९८७ला, पोरांच्या पोशाखावर रोमन दहाचं चिन्ह छापून घेतलं होतं. आणि हरले! कोणाकडून? आयोवा स्टेटकडून, त्याच्या जुन्याच विद्यापीठाकडून. बघा, वाक्य आधी पाठ करायची सवय काही गेली नाही.

आणि ओविंग्ज? तो पुढची दोन्ही वर्षं फायनलला पोचला. दोन्ही हरला. नंतर ओरेगनमध्ये मास्तर झाला, पोरांना कुस्ती शिकवली. पराभव माणसाला घडवतो असं म्हणतात, आणि गेबलचं उदाहरण देतात. मला ते फारसं पटत नाही. पराभवाने घडवलं असं सांगणाऱ्यांच्या गळ्यात बहुतेक वेळा नंतरचं सुवर्णपदक असतं. एका मोठ्या विजयानंतर माणूस कसा जगतो, हे ओविंग्जला विचारायला हवं होतं.

बराच वेळ गेला माझा यात. अजून दोन कुस्त्या सांगायच्यात, पटकन सांगतो.

एक २०२३ची, टल्सा शहरातली. सगळ्यांत हलका गट, १२५ पौंड, उपांत्य फेरी. आयोवाचा स्पेन्सर ली, तीन वेळचा विजेता, चौथ्यासाठी आलेला. समोर पर्ड्यू विद्यापीठाचा मॅट रॅमोस. ली मागे पडला, झुंजत परत आला, आता बाजी उलटणार असं वाटत असताना, घड्याळात जेमतेम एक सेकंद उरलेला असताना, रॅमोसने त्याला चीत केलं. चितपट! एका सेकंदाने! हाच ली पुढे पॅरिस ऑलिम्पिकला ५७ किलोत रौप्यपदक घेऊन आला. आपल्या अमन सेहरावतला कांस्य मिळालं ना, तोच गट. आणि रॅमोस? तो दुसऱ्या दिवशी फायनल हरला, प्रिन्स्टनच्या पोराकडून. मघाशी ओविंग्जचं म्हणालो, तसंच.

दुसरी २०२५ची, फिलाडेल्फियातली. २२ मार्च, २८५ पौंडांचा गट, फायनल. मिनेसोटाचा स्टीव्हसन. टोकियो ऑलिम्पिकचा सुवर्णपदकविजेता. तिथे शेवटच्या दहा-बारा सेकंदांत पाच-आठने मागे होता आणि दोनदा ताबा घेऊन जिंकला, तो हा. मध्ये व्यावसायिक कुस्तीच्या तमाशात गेला, अमेरिकी फुटबॉलला जाऊन आला, आणि कॉलेजची शेवटची संधी उरली होती म्हणून परत आला. कोणी त्याला हरवेल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. समोर ओक्लाहोमा स्टेटचा वायट हेंड्रिक्सन, हवाई दलाच्या अकादमीतून आलेला. शेवटचं अर्धं मिनिट, स्टीव्हसन चार-दोनने पुढे. त्याने पट काढायला हात घातला, आणि हेंड्रिक्सनने तो चुकवून उलट त्यालाच खाली घेतलं. पाच-चार.

आता गंमत बघा. खाली घेण्याला पूर्वी दोन गुण होते, २०२३ साली ते तीन केले. म्हणून दोनाचे एकदम पाच झाले. हेंड्रिक्सन उठला आणि प्रेक्षकांत बसलेल्या राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना त्याने कडक सॅल्यूट ठोकला. स्टीव्हसनचीही ती कॉलेजमधली शेवटची कुस्ती, बरं का. फायनल, मार्च महिना, शेवटची कुस्ती, हरेल असं कोणालाच न वाटलेला गडी.

आणि या स्टीव्हसनचं पहिलं नाव मी अजून सांगितलं नाही. गेबल. गेबल डॅन स्टीव्हसन. आईवडिलांनी पोराचं नाव त्या गेबलवरूनच ठेवलं होतं.

समोर काचेपलीकडून हात दाखवतायत, वेळ संपली. आणि केल सँडरसन राहूनच गेला. आयोवा स्टेटचाच, १९९९ ते २००२, चार वेळा विजेता. त्याच्यासाठी मी वेगळा कागद आणला होता. त्यावर एवढंच लिहिलंय: १५९ आणि शून्य.

नमस्कार.