भाऊबीज ते जानेवारी

[दृश्य : चर्चगेट स्टेशन. पहाटेची लोकल रिकामी होते आहे. शॉर्ट्स आणि भडक रंगांचे बूट घातलेली माणसं झपझप बाहेर पडतात.]

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. दिवाळी येते तिथीने. या दोघींचं आपसात काही ठरलेलं नाही, आणि मधल्या मध्ये हाल होतात ते हौशी धावपटूचे. 2023 साली भाऊबीज 15 नोव्हेंबरला आली आणि शर्यत होती 21 जानेवारीला. मध्ये जेमतेम साडेनऊ आठवडे. 2025 ची भाऊबीज 23 ऑक्टोबरला, शर्यत 18 जानेवारीला, म्हणजे बारा आठवडे आणि वर काही दिवस. फराळ तोच, सुट्टी तेवढीच, पण हाताशी उरणारा वेळ एका वर्षी सुखाचा, एका वर्षी तारांबळीचा.

भाऊबीज झाल्यानंतरचा हा पहिला रविवार. मरीन ड्राइव्हवर जमलेल्यांपैकी निम्मे परवा-तेरवापर्यंत गावी होते. कुणी कोकणात, कुणी साताऱ्याकडे, कुणी टूरच्या बसमध्ये बसून राजस्थानात. जाताना बूट सगळ्यांनीच बॅगेत टाकले होते. तिथे धावलात किती, हे विचारायचं नसतं. तरी विचारतातच.

"काय काका, रत्नागिरीला किती किलोमीटर झाले?"

"किलोमीटर कसले? अनारसे विचारा, सांगतो."

[दृश्य : नरिमन पॉइंटच्या टोकाकडून ग्रुप निघतो. कॅमेरा पावलांच्या उंचीवर. एका बुटाच्या शिवणीत अजून तांबडी माती आहे.]

पहिला किलोमीटर नेहमीच छान जातो. पाय ताजे असतात, आठवडाभराचं बोलणं साठलेलं असतं. पारशी जिमखान्यापर्यंत कुणाच्या घरी काय झालं, कुणाचा लाडू बसला, कुणाच्या चकल्या मऊ पडल्या, सगळं सांगून होतं. मत्स्यालय जवळ येईतो गप्पा थांबतात. ऐकू येतात ते फक्त श्वास.

बोरिवलीहून आलेल्या एका ताई घड्याळ वर करून बघतात. नाडी 168. महिन्यापूर्वी याच पेसला, म्हणजे धावण्याच्या याच वेगाला, ती 150 च्या आसपास असायची. घड्याळाने वर 'डिट्रेनिंग', म्हणजे सराव तुटला, असा शेराही मारलाय. ताई घड्याळावर बाही ओढतात आणि चौपाटीपर्यंत पुन्हा बघत नाहीत. फार शहाणपणाचं केलं, असं मला वाटतं.

कारण हा आकडा घाबरवतो जास्त आणि सांगतो कमी.

[दृश्य : चौपाटीजवळ कठड्यावर बसलेले धावपटू. टी-शर्ट पिळून काढणारे हात.]

धावणं सुटलं की शरीरातलं सगळ्यात आधी काय जातं? स्नायू नाहीत, हाडं तर नाहीतच. आधी कमी होतं रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा. नियमित धावणाऱ्याच्या अंगात रक्ताचं एकूण प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. व्यायाम थांबला की थोड्या दिवसांतच ते उतरायला लागतं. रक्त कमी, म्हणून हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्तही कमी. मग तेवढाच प्राणवायू पोचवायला ठोके वाढवावे लागतात. ताईंचे 168 आले ते इथून.

व्यायामाचा शरीरावरचा परिणाम अभ्यासणारे एडवर्ड कॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुरलेल्या सात खेळाडूंना त्यांनी बारा आठवडे व्यायाम बंद करायला लावला. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे 7 टक्के घसरली. आठ आठवड्यांनंतर घसरण 16 टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली. स्नायूंमधलं बारीक केशवाहिन्यांचं जाळं मात्र जवळपास होतं तसंच राहिलं. दोन वर्षांनी कॉयल यांनी आणखी एक प्रयोग केला. दोन ते चार आठवडे व्यायाम सोडलेल्या खेळाडूंच्या शिरेतून द्रव देऊन रक्ताचं प्रमाण पुन्हा वाढवलं. हृदयाची एका ठोक्यातली कामगिरी जवळजवळ पूर्वपदाला आली. तीही पुन्हा सराव न करता.

आपल्याला सलाइन लावून घ्यायचं नाही. सांगायचं इतकंच, की दिवाळीनंतर लागणारी धाप ही बरीचशी पाण्याची उणीव आहे आणि ती आठवडा-दोन आठवड्यांच्या हलक्या धावण्याने भरून निघते. वजनाच्या काट्याचंही तसंच. वाढलेले दोन किलो म्हणजे दोन किलो चरबी नव्हे. शंकरपाळ्या-करंज्यांतली साखर स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते आणि एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. अर्थात तळणाचा हिशेब वेगळा, तो तुमचा तुम्ही करा.

उकाड्याचीही एक गोष्ट आहे. दमट हवेत धावायची सवय अंगाला लागायला दहा-चौदा दिवस लागतात आणि थंड ठिकाणी दोन-तीन आठवडे काढले की ती बरीचशी मोडते. महाबळेश्वरला शाल पांघरून बसलेल्या माणसाला नोव्हेंबरातल्या मुंबईची हवा पहिल्या दिवशी ओल्या गोधडीसारखी वाटते.

[दृश्य : वेगळा रविवार. तोच रस्ता, तोच ग्रुप. चाल मोकळी, हसणं-खिदळणं.]

तिसरा आठवडा. दम परत आलाय, नाडी उतरलीय, पेस जुना दिसायला लागलाय. आणि ज्याची खरी काळजी करायची तो आठवडा हाच.

पहिल्या दिवशी कुणी पाय मोडून घेत नाही. त्या दिवशी धापच आवरते. तिसऱ्या आठवड्यात आवरायला कुणी नसतं. फोनमधलं शेड्युल तर सुट्टीवर गेलेलंच नसतं. त्यात आज 24 किलोमीटर लिहिलेले असतात, म्हणून 24. शिवाय बुडालेले दोन लाँग रन डोक्यात ठाण मांडून बसलेले. मग मंगळवारी टेम्पो, म्हणजे दमवणाऱ्या वेगाचं धावणं, गुरुवारी चढ, रविवारी लाँग, आणि सोमवारी जिना उतरताना नडगीच्या आतल्या बाजूला बारीक कळ.

दोन आठवड्यांच्या विश्रांतीने हाडं कमजोर होत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. घोळ होतो तो अचानक वाढलेल्या भाराने. ताण वाढला की हाड स्वतःची डागडुजी सुरू करतं, पण त्यात पाडकाम आधी आणि बांधकाम नंतर. जुना भाग काढायला दोन-तीन आठवडे, नवा भरायला साधारण तीन महिने. म्हणजे भार वाढवल्यावर काही आठवडे त्या जागी हाड उलट नाजूक असतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला हुरूप आलेला असतो. टाचेमागचा ॲकिलिस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर, तोही असाच सावकाश. हृदय आणि फुप्फुसं पुढे पळतात, तो मागून येतो.

[दृश्य : फिजिओच्या टेबलावर एक धावपटू. अंगठ्याने नडगी चाचपली जाते.]

दुखणं कसं ओळखायचं? दोन्ही मांड्या दुखतात, जिन्यावर आई गं म्हणावंसं वाटतं, पण दोन-तीन दिवसांत उतरतं: ते नव्याने काम पडलेल्या स्नायूंचं. त्याची फार फिकीर नको. दुखणं एकाच पायात असेल, बोट ठेवून दाखवता येत असेल, धावताना वाढत जात असेल आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर बूट कपाटात आणि थेट डॉक्टरकडे. यूट्यूबवर व्यायाम शोधत बसू नका, मग व्हिडिओ आमचा का असेना.

[दृश्य : मरीन ड्राइव्हचा कठडा. ग्रुपमधले सगळ्यात जुने धावपटू, वय साठीच्या पुढे, एका तरुणाच्या फोनमधलं वेळापत्रक बघतायत.]

या ग्रुपमध्ये कोच असा कुणी नाही. सगळे ज्यांना सर म्हणतात ते गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेत. तरुणाचा आग्रह आहे की गेलेले दोन लाँग रन पुढच्या दोन आठवड्यांत बसवायचे.

"सर, एक बुधवारी मारतो, ऑफिसच्या आधी."

"सुटलेली 6:12 परत येते का रे? 6:20 पकड. उभं राहावं लागेल, पण पोचशील."

आम्हाला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं. बुडालेलं अंतर भरून काढायचं नाही. सुटी आठवड्याची असेल तर पहिले दोन-तीन रन हलके काढून पुढे चालू. दोन आठवडे गेले असतील तर पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मं अंतर, दुसऱ्यात पाऊण, आणि वेगाची कामं तोवर बाजूला. ही पट्टी काटेकोर नाही. कुणाला जास्त झेपतं, कुणाला कमी. हलकं म्हणजे किती हलकं, याला घड्याळाचीही गरज नाही: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर चाला. थोडं धावणं, थोडं चालणं यात कमीपणा काही नाही, भले आपल्याकडे ग्रुपचा फोटो काढताना चालणारा माणूस कुणाला फ्रेममध्ये नको असतो.

[दृश्य : सकाळचं धुरकट आभाळ. मलबार हिल अस्पष्ट दिसते.]

दिवाळीनंतर मुंबईत आणखी एक अडचण असते, हवेची. फटाक्यांचा धूर, बांधकामांची धूळ, आणि थंडी पडायला लागली की वारा मंद होऊन हे सगळं पहाटे जमिनीलगत साठतं. नेमकं धावायच्या वेळेला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची 'सफर' यंत्रणा हवेचा अंदाज देते. आपल्या देशाच्या मोजमापात हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक 200 च्या वर गेला की हवा 'वाईट'. अशा दिवशी उशिरा निघा, कमी धावा किंवा घरात जिना नाहीतर ट्रेडमिल. दम्याचा त्रास असणाऱ्याने त्या दिवशी रस्त्यावर धावूच नये.

[दृश्य : पुन्हा ग्रुप. पेडर रोडचा चढ. काही धावतायत, काही चालतायत.]

साडेनऊ आठवड्यांच्या वर्षी मग करायचं काय? शर्यत सोडायची नाही, वेळ सोडायची. फुल मॅरेथॉन चार तासांत काढायचं ठरवलं असेल तर ते पुढच्या वर्षी. या वर्षी शेवटपर्यंत पाय शाबूत ठेवून धावायचं. पेडर रोडच्या या चढाचा धसका मुंबईच्या धावपटूंनी इतकी वर्षं घेतलाय तो उगाच नाही. तिसाव्या किलोमीटरनंतर भेटलेला चढ हिशेब मागतो.

तरुणाने अखेर बुधवारचा रन खोडलाय. रविवारच्या 24 चे त्याने 18 केले. सरांनी फोन हातात घेतला, 18 चे 16 केले आणि परत दिला.

"सर, सोळा फार कमी होतात."

"मग त्यातले शेवटचे दोन माझ्याबरोबर धाव. त्याहून कमी वाटतील."